‘पूर्ण फिट होऊन ये’ म्हणणाऱ्या बडोद्याच्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
बडोद्याच्या औद्योगिक वसाहतींमधले सगळे शेठलोक, एचआरवाले आणि फॅक्टरीचे डॉक्टरसाहेब

नमस्कार.

मी मांजलपूरला राहतो, जन्म बडोद्याचाच, आणि २६ वर्षं एका इंजिनिअरिंग कंपनीत टाइम ऑफिसला काढली. हाजरी, ओवरटाइम, रजा, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) कागद, गेटपास, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता रिटायर आहे. सकाळी कमाटीबागेत एक फेरी, मग पेपर, मग नातवाला शाळेतून आणणं. पत्र लिहायची सवय नाही, आयुष्यभर नोटिसाच टाइप केल्या, तेव्हा भाषा मधेच नोटिशीसारखी झाली तर सांभाळून घ्या.

माझा पुतण्या, मोठ्या भावाचा मुलगा, वय २९, एका छोट्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. ही एकाच कंपनीची गोष्ट असती तर मी शेठकडे जाऊन बसलो असतो, चहा पिऊन विषय काढला असता, पत्र कशाला लिहिलं असतं.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येते, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर असणारच, एवढी साधी अक्कल त्यात आहे. त्या मशीनचं उजवं बटण लाकडाची पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, कारण मग उजवा हात पीस सरकवायला मोकळा राहतो आणि शिफ्टला माल जास्त निघतो. पाचर कोणी मारली विचारलं तर कोणीच नाही मारली. नाइट शिफ्ट, पहाटेचे चार वाजलेले, उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं.

पाचरीबद्दल मला खूप बोलता येईल, पण ते पत्र वेगळं. हे पत्र त्यानंतरच्या पाच महिन्यांबद्दल आहे.

उपचार झाले. ईएसआयच्या नियमाप्रमाणे कामावर इजा झाली तर पगाराच्या ९० टक्के मिळतात, ते मिळाले, थोडे उशिरा पण मिळाले. जखम भरली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम सांगितले, तर आमची वहिनी रोज सकाळी कणकेचा गोळा त्याच्या हातात देते, दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, आणि मग त्याच कणकेच्या पोळ्या होतात, जरा चिवट होतात, आम्ही मुकाट्याने खातो. बोटांची थुटकं कशालाही लागली की करंट बसल्यासारखं व्हायचं, म्हणून तांदळाच्या डब्यात हात घालून फिरवायचा, दिवसातून चारदा. जानेवारीतल्या थंडीत बिचारा रात्री हात काखेत धरून झोपायचा. पण पोरगा जिद्दीचा, डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकला, शर्टची बटणं लावायला शिकला, अंगठा आणि करंगळीकडच्या दोन बोटांत पेन धरून सही करायला लागला, बँकेने ती सही घेतली पण.

मग ईएसआयच्या डॉक्टरांनी शेवटचं सर्टिफिकेट दिलं, अमुक तारखेपासून कामावर जायला लायक. त्या तारखेला तो डबा घेऊन गेटवर गेला. सुपरवायझर बाहेर आला, माणूस वाईट नाही, त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘भाई, तू पूर्ण फिट होऊन ये, मग बघू.’

पूर्ण फिट म्हणजे काय, बोटं परत उगवून?

घरी येऊन त्याने मला सांगितलं, ‘काका, असं असं म्हणाले,’ आणि मला काही बोलताच येईना, कारण हे वाक्य माझंच आहे. माझ्या २६ वर्षांत हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं त्याचा हिशोब नाही. वर नोटिस बोर्डावर टाइप करून लावलं होतं, गुजरातीत आणि हिंदीत: संपूर्ण तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय गेटवर घेतलं जाणार नाही. साहेबांची सही, शब्द माझे.

आमच्याकडे एक वेल्डर होता, कंबर धरली होती, मणक्याचा त्रास. आजारपणाची ईएसआयची रक्कम वर्षात ९१ दिवस मिळते, पगाराच्या ७० टक्के. ते दिवस संपत आले तेव्हा तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, साहेब, तीन महिने स्टोअरला बसवा, वाकून उचलायचं काम तेवढं नको, मग मी परत माझ्या बूथवर जातो. स्टोअरला तेव्हा माणूस कमी पण होता. मी नाही म्हटलं. म्हटलं, आज तुला दिलं तर उद्या दहा जण मागतील. नंतर बऱ्याच वर्षांनी तो खंडेराव मार्केटच्या बाहेर लिंबं विकताना दिसला, त्याने मला ओळखलं, दोन लिंबं जास्त टाकली. त्या दिवशी घरी जाऊन काही नीट जेवण गेलं नाही.

तेव्हा हे पत्र तुमच्याविरुद्ध आहे तेवढंच माझ्याविरुद्ध पण आहे असं समजून वाचा.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली तक्रार त्या फॉर्मची. फॅक्टरीचा डॉक्टर माणूस तपासतो आणि कागदावर दोन चौकोन असतात, फिट किंवा अनफिट, एकावर टिक मारायची. माणूस असा असतो का? पुतण्या पॉवर प्रेसला अनफिट आहे, मीच त्याला तिथे बसू देणार नाही. पण गेज लावून पीस तपासायला तो आजच्या आज फिट आहे. तो वेल्डर उचलायला अनफिट होता, स्टोअरचं रजिस्टर लिहायला फिट होता. इंग्लंडमध्ये २०१० च्या एप्रिलपासून आजारपणाच्या सर्टिफिकेटचं नावच बदललं. आधी ते सिक नोट होतं, आता फिट नोट. तिथे डॉक्टर लिहू शकतो की हा माणूस काम करू शकेल, पण वेळ हळूहळू वाढवत, किंवा कामात बदल करून, किंवा तासांत फेरफार करून, किंवा जागेची सोय बदलून. हे चार चौकोन आपल्या फॉर्मवर छापायला काय खर्च येतो? प्रिंटिंगचे रेट मला माहीत आहेत.

दुसरी तक्रार डॉक्टरसाहेबांबद्दल, आणि ती आदराने करतो कारण त्यातले काही चांगले मित्र आहेत. तुम्ही नाडी बघता, बीपी बघता, पण हा माणूस रोज नेमकं काय करतो ते बघायला शॉप फ्लोअरवर कधी जाता? इटलीत रामाझ्झिनी म्हणून डॉक्टर होऊन गेला, १७०० च्या सुमाराचा. त्याने बाकी डॉक्टरांना सांगितलं होतं की रोग्याला बाकी सगळं विचारता तसं एक आणखी विचारा, तू काम काय करतोस. तीनशे वर्षं झाली. आमच्या फॉर्मवर ‘हुद्दा’ असा रकाना होता, त्यात हेल्पर लिहिलेलं असायचं, आणि हेल्पर म्हणजे सकाळी ड्रम ढकलणारा, दुपारी शेडची सफाई करणारा आणि रात्री कोणी आलं नाही तर मशीनवर बसणारा, त्याच्यावर तुम्ही फिटचा शिक्का मारता तो नेमका कशासाठी?

आणि हे उलट्या बाजूने पण होतं, ते जास्त धोक्याचं. स्प्रे पेंटिंगच्या काही रंगांत आयसोसायनेट असतं, त्याने एखाद्याला दमा लागला, तो दोन आठवडे घरी राहिला, घरी श्वास सुटला, छाती मोकळी, डॉक्टरने फिट लिहिलं आणि परत त्याच बूथमध्ये उभा केला. अशा माणसाला पुन्हा त्या रंगाचा थोडा वास पण जीवावर येऊ शकतो. दगड भरडणाऱ्याचं पण तेच, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, खंभातच्या अकीकवाल्यांचं, म्हणजे अकीकचे दगड घासणाऱ्यांचं, दुखणं आपल्या सगळ्या मध्य गुजरातला माहीत आहे, तिथे ‘फिट, कामावर घ्या’ म्हणजे परत त्याच धुळीत पाठवणं. एकाला काम करता येत असून बाहेर ठेवता आणि दुसऱ्याला ज्या कामाने आजारी केलं त्याच कामावर परत पाठवता, कागद एकच, चौकोन तेच दोन.

तिसरी गोष्ट कायद्याची. मी वकील नाही पण हे कागद हाताळलेत. ईएसआयचा १९४८ चा कायदा (२०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), त्याचं कलम ७३ म्हणायचं की इजेमुळे माणूस ईएसआयच्या भत्त्यावर आहे तोवर त्याला काढता येत नाही. हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तुम्ही तोवर काढत नाही. शेवटचं सर्टिफिकेट आलं की ते छत्र गेलं, आणि बरोबर त्याच सकाळी काम नसतं. सरकारी नोकर असता तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम २० आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, हुद्दा कमी करायचा नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यायची, जागा नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. हेच आधीच्या १९९५ च्या कायद्यात होतं, आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने डावा पाय गेलेल्या कुणाल सिंग नावाच्या शिपायाच्या केसमध्ये ते ठाम सांगितलं. पण ती सक्ती सरकारी आस्थापनांना. त्याच कायद्यात समान संधीचं धोरण बनवून जाहीर करायला मात्र सगळ्याच आस्थापनांना सांगितलंय, खाजगी पण आल्या. तुमच्यापैकी कितींच्या नोटिस बोर्डावर ते धोरण लागलंय? मी तरी माझ्या हाताने कधी लावलं नाही.

आणि टक्क्यांचा घोळ. ईएसआयच्या शेड्यूलमध्ये एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के कमी झाली असं धरतात, म्हणजे १६ हजार पगारावर कायमचं पेन्शन महिन्याला साधारण २,९०० च्या आत-बाहेर. अपंगत्वाचं सर्टिफिकेट ही वेगळी भानगड, तिथे ४० टक्क्यांच्या खाली असलात की बऱ्याचशा सवलती नाहीत. म्हणजे कागदावर २० टक्के गेले आणि ८० टक्के राहिले, आणि गेटवर ते ८० टक्के कोणी घ्यायला तयार नाही. ईएसआयच्या हप्त्याचे पगाराच्या सव्वातीन टक्के तुम्ही भरता, पाऊण टक्का त्याच्या पगारातून कापता, तेवढ्यावर आपली जबाबदारी संपली अशी समजूत आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूने पण कबूल करतो. हळूहळू कामावर आणायचं म्हटलं तर ईएसआयचाच नियम आडवा येतो, ज्या दिवशी माणूस काम करेल त्या दिवसाचा भत्ता नाही. दोन तास येऊन बसला तरी त्या दिवसाचे पैसे गेले. मग कोण येईल? माझी भाची जर्मनीत असते, तिचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तिकडे आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा, असं दीड-दोन महिन्यांत तिला पूर्ण वेळेवर आणलं आणि तोवर तिचे आजारपणाचे पैसे चालू होते. त्याला ते हॅम्बुर्ग मॉडेल म्हणतात. आणि वर्षात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलात तर मालकाने स्वतःहून बोलावून विचारायचं की परत यायला काय सोय लागेल, ते तिथे कायद्यातच आहे, २००४ पासून. आपल्याकडे असं व्हायला ईएसआयचा नियम बदलायला हवा, आणि ते दिल्लीचं काम. पण दिल्लीला पत्र लिहिणाऱ्या तुमच्या संघटना आहेत ना, वीज दरासाठी लिहिता, ड्रेनेजच्या पाइपलाइनसाठी लिहिता, एकदा यासाठी पण लिहा.

आणि सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ना कायद्याची ना पैशाची. पाच महिन्यांत कंपनीतून एक फोन आला नाही. म्हणजे आला एक, आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे म्हणून. माणूस घरी पडला की पहिल्या महिन्यात त्याच्या डोक्यात कामच असतं, कोणत्या डायचा माल अडला असेल, माझ्या लॉकरची चावी कोणाकडे. तिसऱ्या महिन्यात तो मित्रांचे फोन घेत नाही. पाचव्या महिन्यात तो घरात उजवा हात खिशात घालून फिरतो. जितके दिवस बाहेर तितकं परतणं अवघड, हे मी रजेच्या रजिस्टरवरून सांगतो, डॉक्टर पण तेच सांगतील.

आता तुमचं उत्तर मला माहीत आहे, मी तेच देत आलोय: ‘आमच्याकडे हलकं काम नसतं.’ म्हणून मी काय केलं, एका ओळखीच्या प्रेस शॉपमध्ये, २२ माणसांचं युनिट, पूर्ण शिफ्ट एका स्टुलावर बसून राहिलो आणि वहीत लिहिलं. गो-नो-गो गेजने (पीस मापात आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या मापाने) पीस तपासणं, एका हाताचं काम. मोजून पेटीत भरणं आणि लेबल लावणं. टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, देणं-घेणं. टेम्पोचं चलान. शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक प्रेसची दोन्ही बटणं आणि गार्ड तपासून सही करणं, हे काम तर तिथे कोणीच करत नव्हतं, आणि ज्याची बोटं गेली त्याच्याइतकं नीट कोण करेल? दुपारपर्यंत माझ्याकडे अकरा कामं झाली. मग त्यांनी सेव उसळ मागवली, वही बंद केली.

दुसरं उत्तर, ‘तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस.’ ईएसआयचा हप्ता भरायची जबाबदारी मूळ मालकाची असते, कॉन्ट्रॅक्टर मधे असला तरी. हप्त्याला तुमचा आणि हाताला कॉन्ट्रॅक्टरचा, असं कसं चालेल?

मागण्या साध्या आहेत.

फिट-अनफिटचा फॉर्म फाडून टाका. त्या जागी लिहा: काय करू शकतो, काय नाही, किती तास, आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख. तारीख महत्त्वाची आहे, नाहीतर हलकं काम म्हणजे कोपऱ्यातली कायमची खुर्ची होते आणि माणूस तिथे गंजतो, ते पण मी बघितलंय.

प्रत्येक युनिटने आपली अशी वही बनवावी, शिफ्टभर एक माणूस बसवला की झालं.

माणूस घरी बसला की दुसऱ्या आठवड्यात एक फोन. सुपरवायझरने केला तरी चालेल, झेरॉक्ससाठी नको.

छोट्या युनिटला स्वतःचा डॉक्टर परवडत नाही, मान्य. मग वीस-पंचवीस युनिटांनी मिळून इंडस्ट्रियल हेल्थचा एएफआयएच कोर्स केलेला एक डॉक्टर ठेवा. आठवड्यातून एक दिवस एका वसाहतीत. अट एकच, सही करण्याआधी मशीन बघायची.

शेवटच्या सर्टिफिकेटनंतर निदान सहा महिने नोकरी सांभाळा, पूर्ण पगारावर, बदललेल्या कामावर. त्यानंतरही जमलं नाही तर दुसरा हुन्नर शिकवा. अपंगांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची सेंटर्स आहेत, अहमदाबादला आहे, आपल्या बडोद्यात तर खास बायकांसाठी म्हणून सुरू झालेलं आहे. माझ्या २६ वर्षांत मी एकाही कामगाराला तिथला पत्ता दिला नाही, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आणि पाचर काढा. म्हटलं होतं त्याबद्दल बोलणार नाही, पण काढा.

सोमवारी सकाळच्या शिफ्टला मी पुतण्याला घेऊन त्याच्या कंपनीच्या गेटवर येतोय. त्याचं सर्टिफिकेट आणि माझी अकरा कामांची यादी बरोबर असेल. सुपरवायझरभाई, तुम्ही हे वाचत असाल तर शेठना आधी सांगून ठेवा. त्यातलं एक काम निवडा आणि तारीख घाला, यादीखाली सहीला जागा सोडली आहे.

आपला,
एक रिटायर टाइम ऑफिसवाला
मांजलपूर, बडोदा